नॅचेझ ते देवलमरी : एका कापसाचे दोन रस्ते

ऑनसाईटला जाऊन आलेल्या प्रत्येकाकडे अमेरिकेतल्या 'मस्ट सी' जागांची एक यादी असते. ग्रँड कॅन्यन, नायगरा, वेगास, आणि वेळ उरलाच तर रूट ६६. कुणी नवीन माणूस व्हिसाचा शिक्का घेऊन आला की हापिसात ही यादी त्याच्या मेलबॉक्समध्ये आपोआप येऊन पडते. त्यात वाईट काहीच नाही. पण यादीबाहेरचं काही सुचव म्हटलं की मी एकच नाव सांगतो, नॅचेझ ट्रेस पार्कवे. आणि ते सांगून झालं की लगेच दुसरं नाव सांगतो, चंद्रपूर ते सिरोंचा. समोरचा हसतो. त्याला वाटतं हा गाववाला आता गावाची जाहिरात करणार.

माझं घर अहेरीचं आहे हे खरं. पण या दोन रस्त्यांचं नातं मी ओढूनताणून जुळवलेलं नाही. ते कापसाने जुळवलंय, दीडशे वर्षांपूर्वी. आजचा लेख त्यावरच. थोडा इतिहास, थोडी वाटाड्यागिरी. चहा घेऊन बसा, लांबण लागणार आहे.

आधी तिकडचा रस्ता

टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलजवळ सुरू होऊन मिसिसिपी नदीकाठच्या नॅचेझ गावाला संपणारा हा ४४४ मैलांचा, म्हणजे सुमारे ७१५ किलोमीटरचा रस्ता. मी आठ महिने नॅशव्हिलला होतो, आणि एका लाँग वीकएंडला भाड्याची गाडी घेऊन आम्ही तिघं यावर गेलो. बहुतेक ठिकाणी वेगमर्यादा ताशी ५० मैल. ट्रकांना बंदी. होर्डिंग नाही, पेट्रोल पंप नाही, बर्गरचं दुकान नाही. दोन्ही बाजूंना नुसतं झाड. अमेरिकेत इतकं शांत गाडी चालवणं जवळजवळ चुकल्यासारखं वाटतं :-)

हा रस्ता मुळात चॉक्टॉ आणि चिकासॉ या आदिवासी जमातींची पायवाट. पुढे १८००च्या सुमारास ओहायो खोऱ्यातले नावाडी तराफ्यावर माल लादून मिसिसिपीच्या प्रवाहाबरोबर खाली नॅचेझला किंवा न्यू ऑर्लिन्सला यायचे. माल विकायचे, तराफा मोडून त्याचं लाकूडही विकायचे आणि शेकडो मैल चालत याच पायवाटेने घरी जायचे. प्रवाहाविरुद्ध तराफा जात नाही ना! मग १८१२च्या सुरुवातीला वाफेची बोट नॅचेझला पोहोचली. वाफेची बोट उलटीही जाते. दहा-पंधरा वर्षांत पायवाट ओस पडली. म्हणजे तिथे नदीने रस्ता मारला. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पायवाट मेली, पण नॅचेझ फुगलं. का? कापूस. मिसिसिपीच्या काठची काळी जमीन, वाफेच्या बोटी आणि गुलामांची फुकट मेहनत. नॅचेझच्या मळेवाल्यांच्या हवेल्या आजही तिकीट काढून बघता येतात. पण त्याच गावात 'फोर्क्स ऑफ द रोड' नावाचा एक चौक आहे, जिथे दक्षिणेतल्या मोठ्या गुलामबाजारांपैकी एक भरायचा. तिथे पाटी आहे, साखळदंड सिमेंटमध्ये रोवून ठेवलेत, आणि २०२१ मध्ये ती जागा राष्ट्रीय उद्यान खात्याच्या अखत्यारीत आली. तसंच ट्रेसवर एका ठिकाणी 'अश्रूंची वाट' रस्ता ओलांडते, म्हणजे १८३०च्या दशकात ज्या वाटांनी आदिवासींना त्यांच्याच मुलखातून हाकलून पश्चिमेला नेलं ती वाट. तिथेही पाटी आहे.

मला या रस्त्याचं कौतुक निसर्गासाठी कमी आणि या पाट्यांसाठी जास्त आहे. रस्ता स्वतःची लाजिरवाणी गोष्टही सांगतो. दर काही मैलांवर थांबा, पाटी वाचा, पुढे चला. कुठल्या वळणावर कोण मेलं, कोण जिंकलं, कुणाला लुटलं, सगळं लिहून ठेवलंय.

मग युद्ध झालं

१८६१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली आणि लिंकन सरकारने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. तोपर्यंत इंग्लंडच्या गिरण्यांत जाणाऱ्या कापसातला तीन-चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेतून यायचा. तो अडला. मँचेस्टरच्या परिसरात गिरण्या बंद पडल्या, कामगारांवर उपासमारीची पाळी आली. आपल्या भाषेत सांगायचं तर सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर. बॅकअप म्हणून नजर वळली हिंदुस्थानकडे.

मुंबईने या काळात किती पैसा केला, शेअर बाजारात किती धिंगाणा घातला आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच कशी आपटी खाल्ली, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. प्रेमचंद रायचंद, बॅक बे वगैरे. आमच्याकडची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

वऱ्हाड आणि वर्धा खोऱ्यातला कापूस उत्तम. हिंगणघाटचा कापूस तर नावाने विकला जायचा. पण तो बंदरापर्यंत न्यायचा कसा? बैलगाड्या नाहीतर लमाणांचे तांडे, शेकडो मैल. नकाशा उघडा आणि हिंगणघाटवर बोट ठेवा. शेजारून वर्धा वाहते. वर्धा खाली येऊन वैनगंगेला मिळते, दोघींची होते प्राणहिता. प्राणहिता अहेरीवरून जाऊन सिरोंचाजवळ गोदावरीत पडते. आणि गोदावरी थेट पूर्व किनाऱ्याला. म्हणजे हिंगणघाटपासून समुद्रापर्यंत पाण्याचा सलग रस्ता! मिसिसिपीवर चालतं ते इथे का चालू नये?

हा प्रश्न विचारणारा माणूस सर आर्थर कॉटन. गोदावरीवर राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा बांधून ज्याने डेल्टा हिरवा केला तोच. आंध्रात आजही त्याचे पुतळे आहेत. गोदावरीतून बोटी वर न्यायची त्याची कल्पना कापसाच्या टंचाईच्या आधीची, पण टंचाईने तिला पैसा आणि घाई दोन्ही दिली. काम सोपवलं कॅप्टन हेगकडे. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल, जो पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, तोही या योजनेच्या बाजूचा.

अडचण एकच, नदीत खडकांचे तीन पट्टे. इंग्रजी कागदपत्रांत त्यांना नावच पडलं, पहिला, दुसरा आणि तिसरा अडसर. पहिला दुम्मागुडेमला, दुसरा इंद्रावतीच्या संगमाजवळ इंचमपल्लीला. आणि तिसरा प्राणहितेवर देवलमरीला.

देवलमरी आमच्या तालुक्यातलं गाव. अहेरीहून नदीच्या कडेकडेने खाली जाणाऱ्या रस्त्यावर लागतं. एसटीच्या पाटीवर हे नाव मी लहानपणापासून वाचत आलोय. लँकेशायरचे गिरणीमालक या गावाच्या नावाने बोटं मोडत असतील हे मात्र ध्यानीमनी नव्हतं!

योजना अशी, की प्रत्येक अडसराच्या बाजूने कालवा काढायचा, त्याला पाणदरवाजे बसवायचे आणि बोट पायऱ्या चढल्यासारखी वर न्यायची. मधल्या सरळ पाण्यात वाफेच्या बोटी. दुम्मागुडेमला बंधारा आणि कालवा झालाही, तो आज तेलंगणात आहे. पण नदीने काही मिसिसिपी व्हायचं मनावर घेतलं नाही. पावसाळ्यात इतकं पाणी की बोट सावरेना, उन्हाळ्यात इतकं कमी की बोट तरंगेना. शिवाय जंगलातला हिवताप. आणि मुख्य म्हणजे १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि १८६७ ला मुंबईहून निघालेली रेल्वे नागपूरला पोहोचली. हिंगणघाटच्या कापसाला आता पूर्वेला जायचं कारणच उरलं नाही. १८७१ मध्ये सरकारने योजना गुंडाळली. रिक्वायरमेंट बदलली, प्रोजेक्ट स्क्रॅप. असे प्रोजेक्ट आपण रोज बघतो, फक्त त्यात माणसं हिवतापाने मरत नाहीत.

तिकडे नदीने रस्ता मारला होता, इकडे रेल्वेने नदी मारली. आणि ज्या गावावरून हे सगळं होणार होतं त्या अहेरीला आजतागायत रेल्वे नाही. अख्ख्या गडचिरोली जिल्ह्याचं स्टेशन म्हणजे उत्तर टोकाचं वडसा.

योजना मेली तरी तिने एक गोष्ट मागे ठेवली, ती म्हणजे सीमा. १८६०च्या तहात निजामाने गोदावरी आणि प्राणहितेच्या डाव्या काठचा मुलूख इंग्रजांना दिला, आणि या नद्यांवरच्या मालवाहतुकीवर जकात घ्यायची नाही हेही त्याच तहात ठरलं. त्या मुलखाचा 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा झाला, ठाणं सिरोंचा. १८७४ मध्ये तो जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडलं. म्हणून आज सिरोंचा महाराष्ट्रात आणि समोरचं कालेश्वरम तेलंगणात. दोन्ही काठांवर लोक तेलुगूच बोलतात. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसाने आयुष्यात गाव न सोडता मध्य प्रांत, मध्य प्रदेश, द्वैभाषिक मुंबई आणि महाराष्ट्र अशी चार सरकारं पाहिली. १९८२च्या २६ ऑगस्टला जिल्हाही बदलला, चंद्रपूरचा गडचिरोली झाला. आता वेगळ्या अहेरी जिल्ह्याची मागणी आहे, ती कितीतरी वर्षं तशीच आहे. असो.

आता इकडचा रस्ता

गाडी काढा. पुण्या-मुंबईहून येणार असाल तर चंद्रपूरपर्यंत रेल्वेने या आणि तिथे गाडी ठरवा. ताडोबाला जाणारे सगळे चंद्रपूरला येतात आणि तिथूनच परत जातात. तुम्ही तसं करू नका.

*चंद्रपूर.* गोंड राजांची राजधानी. शहराला कोट आहे आणि त्याचे चार मोठे दरवाजे, जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर. जटपुरा गेटमधून आजही अख्ख्या शहराची रहदारी जाते, त्यामुळे 'वास्तू' बघायची सवड मिळत नाही, हॉर्न मिळतात. अंचलेश्वर मंदिराशेजारी गोंड राजांच्या समाध्या आहेत, त्यात बीरशहाची मोठी. ती बांधून घेतली त्याची राणी हिराई हिने. महाकालीचं मंदिरही तिच्याच नावावर सांगतात. नवऱ्याने बायकोसाठी बांधलेली इमारत बघायला जग आग्र्याला जातं. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली इथे आहे, आणि गर्दी अजिबात नाही.

शहरातल्या तुरुंगाचं नावही लक्षात ठेवा, त्याकडे पुढे येतो.

*मार्कंडा.* चंद्रपूरहून मूल मार्गे वैनगंगा ओलांडून चामोर्शीकडे जा. दक्षिणेकडे निघालेली वैनगंगा इथे वळण घेऊन उत्तरवाहिनी होते. त्या वळणावर मध्ययुगीन देवळांचा समूह आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४च्या दौऱ्यात इथे आला आणि त्याने खजुराहोशी तुलना केली. मुख्य देवळाचं शिखर वीज पडून कोसळलं असं सांगतात. महाशिवरात्रीला मोठी यात्रा असते, तेव्हा जायचं तर चेंगरायची तयारी ठेवा. एरवी थंडीतल्या सकाळी गेलात तर तुम्ही, पुजारी आणि नदी.

*चपराळा.* इथे वर्धा आणि वैनगंगा भेटतात आणि प्राणहिता सुरू होते. अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. वाघ दिसेल अशी आशा धरून जाऊ नका, नदी दिसेल. हिंगणघाटचा कापूस आला असता तर तो याच संगमावरून वळला असता. काठावर उभं राहून ते चित्र डोळ्यांसमोर आणायला दहा मिनिटं द्या.

*आष्टी ते आलापल्ली.* इथे जंगल दाट होतं. पण या रस्त्याबद्दल खरं सांगायला हवं. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघतं आणि ते घेऊन ट्रक याच बाजूने धावतात. २०१६च्या डिसेंबरमध्ये नक्षलवाद्यांनी तिथली खाणकामाची ऐंशीच्या आसपास वाहनं जाळली होती. त्यानंतर पोलीस बंदोबस्त वाढला आणि खाणही. लाल धूळ, खड्डे, ट्रकांची रांग, हे सगळं तुमच्या रोड ट्रिपचा भाग आहे. सुरजागडचा डोंगर तिथल्या माडियांसाठी ठाकूरदेवाचं ठाणं आहे. डोंगर कुणाचा हा वाद तुम्ही गाडीच्या काचेतून सोडवू शकणार नाही, पण ट्रक मोजू शकाल. नॅचेझ ट्रेसवर ट्रकला बंदी आहे, कारण तिथून न्यायचं ते नेऊन झालंय.

*आलापल्ली.* सागवानाची राजधानी. आमच्या जंगलातला साग लांबी, रंग आणि रेषा यांसाठी नावाजलेला. २०२३च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झालं ते याच पट्ट्यातलं. पण तुम्ही बघायचं ते तोडलेलं नाही, न तोडलेलं. आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला पंधरा-सोळा किलोमीटरवर वनखात्याने १९५३ पासून राखून ठेवलेला जंगलाचा एक तुकडा आहे. नाव इंग्रजीच, 'ग्लोरी ऑफ आलापल्ली'. अवघे ६ हेक्टर. २०१४ मध्ये तो राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. आत शिरलात की कळतं, सगळा मुलूख एकेकाळी असा होता. मग ६ हेक्टर या आकड्याचं कौतुकही वाटतं आणि लाजही वाटते. अर्थ तुमचा तुम्ही लावा.

तसंच पुढे साठेक किलोमीटरवर हेमलकसा. बाबा आमट्यांनी १९७३च्या डिसेंबरमध्ये सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, त्यामुळे हे ठिकाण 'अपरिचित' म्हणता येणार नाही. पण लोक हेमलकसा बघून मागे फिरतात. थोडं पुढे भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे, तिथवर जा. पावसाळ्यात पर्लकोटेचा पूर आला की भामरागड जगापासून तुटतं, दरवर्षी, कधी कधी एका वर्षात अनेकदा.

अहेरी, आणि न लागलेली पाटी

आलापल्लीहून अहेरी अगदी जवळ. गोंड आत्राम घराण्याची ही जमीनदारी मध्य प्रांतातल्या सगळ्यांत मोठ्या जमीनदाऱ्यांपैकी एक. १९५१ मध्ये जमीनदाऱ्या गेल्या, जंगल सरकारचं झालं. राजवाडा आहे, दसरा आजही मोठा होतो, दुरून दुरून आदिवासी येतात.

आणि इथेच ती गोष्ट आहे जी मला सगळ्यात जास्त सांगायची होती.

१८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झालं आणि चांदा इंग्रजांकडे आलं. चार वर्षांनी मोलमपल्लीच्या जमीनदार घराण्यातल्या बाबूराव पुलेश्वर शेडमाके या तरुणाने गोंड आणि माडिया पोरं गोळा करून उठाव केला. त्याचा जन्म १८३३चा, अहेरीजवळच्या किष्टापूरचा. म्हणजे उठावाच्या वेळी वय पंचवीस. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. अडपल्ली-घोटचा जमीनदार व्यंकटराव त्याच्या सोबत आला. इंग्रज फौजांशी चकमकी झाल्या. २९ एप्रिल १८५८च्या रात्री प्राणहितेच्या काठी चिंचगुंडीला तारखात्याच्या लोकांचा तळ होता, त्यावर बाबूरावने हल्ला केला. गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले, तिसरा पीटर निसटला आणि त्याने चांद्याचा डेप्युटी कमिशनर क्रिक्टन याला खबर दिली.

तारखात्याचा तळ, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाबूरावने खजिना लुटला असता तर वेगळी गोष्ट. त्याने मारले ते तारयंत्राचे लोक. माझा धंदा नेटवर्कचा, म्हणून असेल कदाचित, पण मला त्यात निव्वळ राग दिसत नाही. तार आली की फौज येते, फौज आली की लाकूड जातं, हे त्याला कळलं असावं असं मला वाटतं. हा माझा तर्क आहे, पुरावा नाही. मात्र मेलेले दोघे पोटासाठी खांब रोवायला आलेले नोकर होते, हेही तितकंच खरं.

क्रिक्टनने मग सरळ मार्ग सोडला. त्याने दाब टाकला अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई हिच्यावर. सप्टेंबर १८५८ मध्ये तिच्या माणसांनी बाबूरावला पकडून इंग्रजांच्या हवाली केलं. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिली. व्यंकटराव बस्तरकडे पळाला, तोही १८६० मध्ये सापडला. त्याच्या जमीनदारीतली गावं लक्ष्मीबाईला बक्षीस म्हणून मिळाली.

बाबूरावला आज 'वीर बाबूराव' म्हणतात. चंद्रपूरच्या तुरुंगात ज्या पिंपळाखाली त्याला फाशी दिली तिथे त्याच्या स्मृतिदिनाला लोक जमतात. हे फार चांगलं आहे. पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग आम्ही हळू आवाजात बोलतो. पकडून देणारीही आपलीच, गोंड, अहेरीचीच. तिला फितूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण १८५८चा सप्टेंबर डोळ्यांपुढे आणा. दिल्ली पडली होती, लखनौ पडलं होतं, झाशीची राणी जून महिन्यातच गेली होती. अशा वेळी एका मोठ्या जमीनदारीची मालकीण, समोर इंग्रज सरकार आणि हातात एक निवड. तिने जमीनदारी वाचवली आणि वाढवलीही. त्यासाठी एक पंचवीस वर्षांचा पोरगा दिला. मी तिला माफ करत नाही, माफ करणारा मी कोण. पण तिला गोष्टीतून गाळून टाकलं तर गोष्ट खोटी होते, आणि बाबूराव नुसता पुतळा होऊन बसतो.

नॅचेझच्या चौकात साखळदंडांपुढे उभा असताना माझ्या मनात हेच आलं होतं. त्या गावातल्या कित्येकांचे पूर्वज तो बाजार चालवणारे होते आणि कित्येकांचे त्या बाजारात विकले गेलेले. तरी पाटी लागली. दीडशेहून जास्त वर्षं लागली, पण लागली. चिंचगुंडीच्या काठावर किंवा देवलमरीच्या घाटावर जेव्हा पाटी लागेल, तेव्हा त्यावर सगळं लिहायला हवं. तारखात्याची दोन माणसं, बाबूराव, लक्ष्मीबाई, क्रिक्टन, आणि तेरा वर्षांनी गुंडाळलेला तो बोटींचा रस्ता. चार ओळीत मावतं.

शेवटचे शंभर किलोमीटर

अहेरीहून निघण्याआधी संध्याकाळी वांगेपल्लीच्या घाटावर जा. आमच्या लहानपणी पलीकडे जायला नाव असायची, आता पूल झालाय, पलीकडे तेलंगणातलं गुडेम. बाजारहाट, दवाखाना, सोयरीक, सगळं या पुलावरून चालतं.

मग सिरोंचाचा रस्ता. वाटेत कमलापूरचा फाटा घ्या, तिथे राज्यातला एकमेव सरकारी हत्तीकॅम्प आहे. पुढे वडधम. इथे जमिनीतून जीवाश्म निघतात आणि त्यासाठी उद्यान केलंय. या भागातल्या कोटा गावाच्या नावावरून भूशास्त्रात एक खडकांचा थरच ओळखला जातो, 'कोटा फॉर्मेशन'. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजला ज्याचं नाव आहे त्या स्टीफन हिस्लॉपने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच इथल्या जीवाश्मांचा अभ्यास केला होता. १९५८ ते १९६१ या काळात सिरोंचा तालुक्यातल्या पोचमपल्लीजवळ एका प्रचंड डायनोसॉरची हाडं सापडली, सुमारे तीनशे. त्याचं नाव बारापासॉरस टागोराय. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय, आणि १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून टागोराय. सांगाडा उभा आहे कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये. आमच्याकडचा सागही बाहेर, लोखंडही बाहेर, आणि डायनोसॉरसुद्धा बाहेर :-)

सिरोंचाला प्राणहिता आणि गोदावरी भेटतात. पलीकडे कालेश्वरमचं देऊळ, एकाच पानवट्यावर दोन शिवलिंगं. आणखी पुढे सोमनूरला इंद्रावती येऊन मिळते. आणि संगमाच्या खाली उभं आहे मेडीगड्डाचं धरण. ८५ दरवाजांचं हे बॅरेज २१ जून २०१९ ला थाटात सुरू झालं. कालेश्वरम प्रकल्पाचं पाणी तेलंगणाला, आणि फुगवट्याखाली शेती सिरोंचाच्या शेतकऱ्यांची, मोबदल्यासाठी त्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. २१ ऑक्टोबर २०२३ ला त्याचे काही खांब खचले. नदीला वाकवायला निघालेल्या माणसांचा हिशेब नदी आपल्या सवडीने करते. हेग साहेबाला हे १८७१ मध्ये कळलं होतं.

काही व्यवहारी गोष्टी

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. चार मुक्काम धरा, घाई करू नका. पेट्रोल आलापल्ली-अहेरीला भरून घ्या. अंधार पडल्यावर गाडी चालवू नका, कारण ट्रक आहेत, गुरं आहेत आणि खड्डे आहेत. नक्षलवादाचं म्हणाल तर १९८० पासूनचा तो काळ आम्ही जवळून पाहिलाय. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये भूपती हा मोठा नेता साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवून आला. परिस्थिती पुष्कळ बदलली आहे, तरी आतल्या गावात जाण्याआधी स्थानिक माणसाला विचारा, पोलीस ठाण्यांचे फोटो काढू नका आणि माडिया बायाबापड्यांचे तर विचारल्याशिवाय अजिबात काढू नका. ते काही 'एक्झॉटिक' नाहीत, घरी बसलेले लोक आहेत. तेलुगूतले दोन शब्द शिकून या, भाव कमी होतो.

या रस्त्यावर तुम्हाला दर काही किलोमीटरवर पाटी मिळणार नाही. जे आहे ते असं तुकड्या-तुकड्यात, कुणाच्या तरी आजोबांच्या तोंडी, कुठल्या जुन्या गॅझेटियरमध्ये. म्हणून हा लेख छापून गाडीत ठेवा. तूर्तास हीच पाटी समजा. आणि चिंचगुंडीपाशी गाडी थोडी हळू करा.